वशाट सोडल्याची बातमी

देवळाली प्रवरा,
ता. ८ डिसेंबर १९७०

तीर्थस्वरूप सौ. आक्का हिच्या चरणी सहादेवचा साष्टांग नमस्कार.

मी इथे मजेत आहे. तुम्ही सगळे काष्टीला मजेत असाल असं धरून चालतो. दाजींचा खोकला कसा आहे? त्यांना म्हणावं विड्या कमी करा. ऐकणार नाहीत, पण म्हणावं. कारखाना जोरात सुरू झाला आहे. माझी ड्यूटी उसाच्या काट्यावरच आहे. बैलगाड्यांची रांग पार ओढ्यापर्यंत जाते आणि वजन करायला उशीर झाला की गाडीवान माझ्या नावाने बोटं मोडत बसतात.

आता खरी बातमी. आधी खाली बस. चुलीवर काही असेल तर उतरवून ठेव. आक्का, मी मटण सोडलं!

हसू नको. दाजींनाही हसू देऊ नको. दिवाळीपासून माझ्या तोंडात वशाटाचा तुकडा गेलेला नाही. दिवाळीला आलो नाही त्याचं कारण ड्यूटी म्हणून कळवलं होतं. ड्यूटी होती हे खोटं नाही. पण आलो असतो तर तू माझ्यापुढे रस्सा ठेवला असतास आणि माझा निश्चय त्या रश्श्यात तिथल्या तिथे बुडाला असता. काष्टीत कुणाकडेही पाव्हणे आले की मटण शिजवायला मुक्ताबाईला बोलावणं जातं. अशा बाईच्या भावाने मटण सोडायचं म्हणजे माळ्याच्या पोराने भाजीपाला सोडण्यासारखं आहे. तरी सोडलं.

झालं असं. नवी खोली घेतली ते तुला लिहिलंच होतं. घरमालक रंगनाथतात्या माळकरी आहेत. खोली दाखवताना त्यांनी पहिल्यांदा विचारलं, "वशाट खाता का?" मी म्हटलं, "कधीमधी." तात्या म्हणाले, "मंग कधीमधी भाईर खायचं. ह्या भिताडांच्या आत न्हाई." मी हो म्हटलं. खोलीला वारा आहे, आड दारात आहे, कारखाना सायकलीवर जवळ पडतो. एवढ्यासाठी कोण वाद घालणार!

पहिले काही रविवार खानावळीत जाऊन खाल्लं. पण तिथला रस्सा म्हणजे तिखट घातलेलं अंघोळीचं पाणी. तुझ्या हातचं खाऊन वाढलेली जीभ ते कसं सोसणार? म्हटलं, त्यापेक्षा महिनाभर सोडून तर बघू. मग वातीचा स्टोव्ह आणला, एक पातेलं, एक तवा, एक पळी. तू दिलेली काळ्या मसाल्याची बरणी होतीच.

पहिल्या दिवशी पिठलं केलं. उकळत्या पाण्यात बेसन एकदम ओतून मोकळा झालो. पातेल्यात सगळ्या गोट्याच गोट्या, आतून कोरड्या. काट्यावरचा माझा जोडीदार सूर्यभान जेवायला आला होता. एक गोटी चावून म्हणाला, "सादेव, ह्या गोफणीत घालून पाखरं हाकायला लई झ्याक." पण मी हटलो नाही. दुसऱ्या दिवशी पीठ आधी गार पाण्यात कालवलं, फोडणीला लसूण सढळ हाताने टाकला, आणि पळीवरून पिठलं असं सरसरत खाली आलं की मी एकटाच खोलीत "वा रे वा" म्हणालो.

आता तर विचारू नको! मटकी भिजवून फडक्यात बांधून खुंटीला टांगतो, रात्रपाळीहून येतो तोवर बोटभर मोड. त्याची उसळ. मेथीची जुडी निवडली, मूठभर तूरडाळ टाकली, की पातळ भाजी. चंपाषष्ठीला वांगं निखाऱ्यात भाजून भरीत केलं, त्यात कच्चा कांदा आणि कोथिंबीर. हुलग्याची शेंगोळी परवा जमली. वांग्याच्या रश्श्यात तुझा काळा मसाला पडला की मन अर्धं फसतं, मटण नाही हे त्याला उशिरा कळतं. आणि अंग इतकं हलकं वाटतं म्हणतेस! पूर्वी रात्रपाळीला पहाटे डुलक्या यायच्या, आता डोळे टक्क उघडे.

भाकरी तेवढी अजून माझ्यावर रुसून आहे. कडा फाटतात, मधोमध तवा दिसतो. म्हणून भाकरी घरमालकांकडून येते. कोण आणून देतं, याला काही महत्त्व नाही.

तूही एकदा महिनाभर सोडून बघ ना. सोपं आहे, मी सांगतो तसं करत जा. तुला जमणार नाही म्हणा! दिवसभर रश्श्याच्या वाफेत बसणाऱ्या बाईला जिभेवर ताबा ठेवायला कोण शिकवणार? आता धाकटा भाऊ शिकवील.

म्हसोबाचा बोकड कसा आहे? चांगला भरला असेल. माझ्या लग्नाची तुला घाई असली तरी त्याला नसणार. त्याच्याविषयी बोलायचं आहे, पण आज नको.

दाजींना नमस्कार.

तुझा,
शाकाहारी सहादेव


देवळाली प्रवरा,
ता. १६ जानेवारी १९७१

ती. सौ. आक्कास संक्रांतीचे तिळगूळ आणि साष्टांग नमस्कार.

तुझं कार्ड पोचलं. "असलं खाऊन अंगात रगत न्हाई ऱ्हायचं. येऊन जा." एवढंच! मी चार पानं लिहावीत आणि तू एका ओळीत मला झोपवावं, हे लहानपणापासून चालत आलं आहे. रक्त भरपूर आहे. सूर्यभानशी पंजा लढवून त्याचा हात खाली पाडला, विचार त्याला.

भोगीच्या दिवशी मी सगळ्या भाज्यांची मिसळ भाजी केली. गाजर, वांगं, पावटा, ओला हरभरा, वर तिळाचं कूट. आणि परवा मासवडी! माळकऱ्यांच्या घरी कुणाचा मान ठेवायचा तर मासवडी करतात. बेसन शिजवून घट्ट गोळा करायचा, ओल्या फडक्यावर थापायचा, आत तीळ-खोबऱ्याचं सारण भरून फडक्यानेच वळायचं. मग वड्या कापायच्या आणि झणझणीत रस्सा. लांबून बघणाऱ्याला माशाचे तुकडेच वाटावेत. वड्या मी केल्या नाहीत, पण फडकं मी धरलं होतं आणि रस्सा तुझ्या मसाल्याचा होता. तात्यांनी एक भुरका मारला आणि विचारलं, "मसाला कुनाचा?" मी म्हटलं, "माझ्या आक्काचा." "हाताला चव हाय बाईच्या," म्हणाले. माळकरी माणसाने मटणाच्या मसाल्याला पावती दिली, आता बोल.

वड्या कुणी केल्या हे तू विचारणार. आक्का, तुला फसवून आजवर माझं काही चाललेलं नाही, म्हणून सांगूनच टाकतो. राहीने केल्या. राही म्हणजे तात्यांची मुलगी. भाकरीही तीच आणून द्यायची. सातवी पास आहे. तोंडाने फटकळ. पहिल्यांदा माझी भाकरी बघून म्हणाली, "ह्ये थापणं हाय का पिठाला मारणं?" मग परात ओढून घेतली आणि तळहात कसा फिरवायचा ते दाखवलं. तिची आई बनुबाई तिथेच गहू निवडत बसलेली असायची, तेव्हा काही वेडंवाकडं मनात आणू नको. आता माझी भाकरी फुगते. पहिली फुगली त्या दिवशी आम्ही दोघं तव्याकडे बघत इतके हसलो की बनुबाई म्हणाली, "आगं, करपली!"

तर असं आहे. मला राहीशी लग्न करायचं आहे. लिहिलं एकदाचं! अक्षर लागलं नाही तर पुन्हा लिहितो. मला राहीशी लग्न करायचं आहे, आणि तिचीही ना नाही.

संक्रांतीला तात्यांनी मला ओट्यावर बसवलं आणि म्हणाले, "तुमचं भाकरीचं शिक्षण लई दिस चाललंय." मग मीच धीर करून विचारलं. तात्या रागावले नाहीत. जात एक, पोट भरण्यापुरती नोकरी आहे, वागणूक त्यांच्या डोळ्यांपुढे आहे. त्यांची अट एकच. "माळ घाला. हळद लागायच्या आदी घाला. येकदा माळ घातली की वशाटाला हात न्हाई, त्याचा इटाळ न्हाई. मंग तुमच्या थोरल्या मानसांनी यावं."

माळ घालायला मी एका पायावर तयार आहे. अडतंय ते तुझ्या बोकडापाशी. मला मुदतीचा ताप आला होता, आई नुकतीच गेली होती, आणि तू बांधावरच्या म्हसोबाला बोकड कबूल केलास. पोरगं जगलं तर त्याच्या लग्नात, हळदीच्या दिवशी, नवऱ्या मुलाच्या हाताने तुझा मान तुला देईन. हे तू मला इतक्यांदा सांगितलं आहेस की स्वप्नातही तो बोकड मला ओळखतो. पण गळ्यात माळ घालून मी तो कसा देऊ?

मला वाटतं यातून मार्ग निघेल. बोकड म्हसोबाच्या नावाने मोकळा सोडू, आणि पुरणाचा नैवेद्य दाखवू. देव काय, भावाचा भुकेला. तू फक्त हो म्हण, आणि दाजींना घेऊन मागणी घालायला ये. राही तुला आवडेल. तुझ्यासारखीच आहे, आधी बोलते आणि मग वाढते.

उत्तराची वाट पाहतो. आज पत्र टाकलं, उद्यापासूनच पाहतो.

तुझा,
सहादेव


देवळाली प्रवरा,
ता. ९ फेब्रुवारी १९७१

ती. सौ. आक्कास साष्टांग नमस्कार.

माझं संक्रांतीचं पत्र पोचलं की नाही? पोस्टमनला रोज विचारतो. तो आता मला लांबून बघूनच मान हलवतो. रागाचं का होईना, पण पत्र टाक. तू बोललीस तर मला उत्तर देता येतं. तू गप्प बसलीस की मी पुन्हा तुझ्या पाठीवरचा आईविना पोरगा होतो.

स्वयंपाकाचं काय लिहू? तरी लिहितो, नाहीतर पान रिकामं राहील. ओल्या हरभऱ्याची आमटी केली, छान झाली. राहीचा निरोप आहे की फोडणीत थोडा ओवा टाका. तात्या शिवरात्र होईपर्यंत थांबतो म्हणाले. त्यांच्याकडे श्रीरामपूरच्या बाजूचं एक स्थळ आलं आहे, घरंदाज माळकऱ्यांचं. तात्यांनी ते परतवलं नाही आणि बोलावलंही नाही. राही आडावर पाणी शेंदताना आता माझ्या भाकरीला नावंसुद्धा ठेवत नाही.

आक्का, एक विचारतो, रागावू नको. एका बोकडासाठी तू अडून बसली आहेस का? माझ्या संसारापेक्षा बांधावरचा दगड तुला जवळचा आहे? आणि एवढ्या मटणाची तुला काय गोडी? मी सोडलं, मला काही झालं नाही.

लिहिलं ते खोडत नाही. मनात होतं ते लिहिलं.

तुझा,
सहादेव


देवळाली प्रवरा,
ता. २८ फेब्रुवारी १९७१

माझ्या आक्का,

दाजी येऊन गेले. तू त्यांना "श्रीगोंद्याला काम आहे" म्हणून निघालेलं पाहिलंस, ते पॅसेंजरने राहुरीला उतरले आणि टांगा करून माझ्या दारात. त्यांच्यावर रागावू नको. मी त्यांच्यासाठी शेंगोळी केली. तीनदा मागून घेतली आणि वर म्हणाले, "मीठ झ्याक हाय." मग ओट्यावर विडी पेटवून बसले. मीच म्हटलं, "आक्का फार रागावली आहे का?"

"रागावली न्हाई. भ्याली हाय," दाजी म्हणाले.

"कशाला?"

"तुजा नवस तुला अर्धाच ठावं हाय. तू डोळं पांढरं केलं हुतंस. ती अनवानी म्हसोबाकडं गेली, म्या मागं हुतो. म्हनली, पोर जगू दे, हेच्या लग्नात बोकड दीन. आन् हळदीच्या अंगानं ह्यो त्या परसादाचा पयला घास माज्या तोंडात घालंल, तवर मी वशाट खायाची न्हाई. शिजवीन. खायाची न्हाई."

मी विचारलं, "म्हणजे आक्का... कधीपासून?"

"तवापास्नं."

आक्का, मी तिथेच डोळे मिटून आठवायला लागलो. तू मसाला वाटताना दिसतेस. परातीपुढे बसलेली दिसतेस. आम्हा सगळ्यांना वाढताना, माझ्या ताटात शोधून नळी टाकताना दिसतेस. "मी बसते मागून" म्हणताना दिसतेस. खाताना दिसत नाहीस. कितीही मागे गेलो तरी खाताना दिसत नाहीस. मागून बसून तू कांदा आणि ठेचा खात होतीस आणि आम्हांला कुणालाही दिसलं नाही. गावजेवणांत दात दुखायचा तुझा. मी एकदा तुला दात काढून घे म्हणून सल्लाही दिला होता!

मी दाजींना म्हटलं, "पण मग चव? चाखल्याशिवाय तिचं मीठ कधी चुकलं नाही."

तर दाजींची छाती फुगली. "मीठ कोन बघायचं? म्या! वाटीत घिऊन गोठ्यात यायची. म्या सांगायचो, चिमूटभर घाल, न्हाईतर ऱ्हाऊ दे. सारी काष्टी म्हनती मुक्ताबाईच्या हाताला चव हाय. हात तिचा, जीभ माजी!"

हसू आलं, आणि हसता हसता मी विचारलं, "तिला आवडतच नसेल, म्हणून जमलं असेल." तसंच असावं असं मला वाटत होतं. दाजींनी विडी विझवली. म्हणाले, "आरं, लगीन हून आली तवा भाकरीनं पातेलं पुसून खानारी बाई हाय ती. आता रश्श्याला उकळी आली की चुलीम्होरनं उठती आन् दाराभाईर जाऊन हुबी ऱ्हाती. आत बसवत न्हाई तिला."

मी रडलो, आक्का. दाजींसमोर रडलो, आणि तेही दुसरीकडे बघत राहिले. मी दिवाळीपासून सोडलं तर पत्रांवर पत्रं लिहिली, अंग हलकं झालं म्हणून सांगितलं, तुला सोपं सोपं करून शिकवायला निघालो. शेवटच्या पत्रात तर मटणाची गोडी काय म्हणून विचारलं. ते पत्र चुलीत घाल.

नवसापायी आपण काय सोडलं ते बोलून दाखवलं की त्याचं पुण्य जातं असं तू दाजींना बजावलं होतंस म्हणे. त्यांनी मोडलं ते माझ्यासाठी. "ती म्हनती, घास चुकला तर म्हसोबा पोराला धरंल. माळ घातली तर पोरगं घास देनार न्हाई, न्हाई घातली तर पोरगी मिळनार न्हाई. ही बाई रातीची निजत न्हाई," असं सांगून ते गाडीला गेले.

मी सरळ तात्यांकडे गेलो. राही सारवत होती, बनुबाई जात्यावर होती, मी कुणालाही आत जा म्हटलं नाही. जसं दाजींनी सांगितलं तसं सगळं तात्यांना सांगितलं. शेवटी म्हटलं, "तात्या, तुमची माळ मी आयुष्यभर घालीन. पण आक्काला घास दिल्याशिवाय मी हळद धुणार नाही. तुम्हांला पटत नसेल तर श्रीरामपूरच्या पाव्हण्यांना बोलवा." राहीचा हात शेणाच्या बादलीत तसाच थांबला होता.

तात्या उठले, आत गेले, बाहेर आले, पुन्हा बसले. गळ्यातली माळ बोटांनी चाचपत म्हणाले, "इतकी वर्सं सोता रांधून दुसऱ्याला वाढलं आन् सोता शिवली न्हाई? आमी माळ घातली ती वास सुदीक येऊ नये म्हून लांब ऱ्हातो. ही बाई वासात बसून ऱ्हायली. पोरा, माळ तिच्या गळ्यात न्हाई येवढंच. बाकी ती आमच्याहून थोर हाय."

मी म्हटलं, "मग?"

"मंग काय? हळद तुमच्या घरी, काष्टीला. तिथं काय शिजतंय ते बघायला म्या यायचा न्हाई. लगीन माज्या दारात, पुरणपोळीचं. माळ लगीन लागल्यावर, सोळाव्या दिशी घाल. पन येक. तू खायाचं न्हाई. तिला घालायचं."

आणि आक्का, राही हात न धुताच उठून उभी राहिली. म्हणाली, "घास नुसत्या तुकड्याचा आसतो व्हय? भाकरी लागंल की त्याला. बाजरीची भाकरी दोन दिस टिकती. म्या हितनं बांधून दीन. वन्संच्या पयल्या घासाला भाकरी माजी." तात्या तिच्याकडे बघत राहिले. नाही म्हणाले नाहीत.

जमलं, आक्का! सगळं जमलं! मी सायकल घेऊन उगाचच कारखान्यापर्यंत जाऊन आलो. सूर्यभानला रस्त्यातच मिठी मारली, तो म्हणतो, ह्याला ऊन लागलं.

आता तू काय करायचं ते ऐक. पाडवा झाला की दाजींना घेऊन मागणी घालायला ये. लग्न वैशाखात, कारखाना बंद झाला की. हळदीच्या दिवशी तू चुलीकडे फिरकायचं नाहीस. मटण मी शिजवणार. आता मला शिजवता येतं. चाखणार मात्र नाही. न चाखता अंदाज कसा घ्यायचा ते तू मला शिकव, ती विद्या तुझ्याखेरीज कुणाला नाही. मीठ दाजी बघतील.

त्या बोकडाचं मला वाईट वाटतं, खोटं सांगत नाही. मी पुन्हा खाणार नाही, तेव्हा माझ्या ताटात नळी शोधू नको. बांधावर म्हसोबा आहे की दगड आहे तेही मला ठाऊक नाही. तू आहेस हे ठाऊक आहे, आणि तू माझ्यासाठी काय केलंस ते आता ठाऊक झालं. तेवढ्यासाठी मी ते करीन. इतक्या वर्षांनी चव आवडलीच नाही तर थुंकून टाक. नवस तरीही फिटला. आणि आवडली, तर पोटभर खा. बायकांच्या पंगतीत नाही, उरलंसुरलं नाही, मागून तर मुळीच नाही. त्या दिवशी आधी तू पानावर बसायचंस. पाव्हणे, भाऊबंद, दाजी, सगळे उभे राहतील. तू जेवून उठलीस की मग बाकीच्यांची पंगत.

हळदीच्या अंगाने तुला वाढायला उभा राहणारा,
तुझा सहादेव